मोफत आणि स्वतंत्र
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला विषय दिला नाही, फक्त वेळ दिली. ‘आयुष्याबद्दल काहीतरी बोल’ म्हणाले. पाच मिनिटांत आयुष्य मावणार नाही, म्हणून मला जे थोडंफार कळतं, त्या सॉफ्टवेअरवरूनच बोलते. सर, बाई, घाबरू नका, फळ्यावर काही लिहिणार नाही.

इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द दोन अर्थांनी चालतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत : मोफत आणि स्वतंत्र. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘फ्री सॉफ्टवेअर’ची चळवळ सुरू केली. प्रोग्राम वापरणाऱ्याला तो उघडून पाहता यावा, बदलता यावा, इतरांना देता यावा, एवढीच मागणी. पण आपण किमतीबद्दल बोलत नसून स्वातंत्र्याबद्दल बोलतोय, हे त्यांना वर्षानुवर्षं समजावून सांगावं लागलं. मराठीत सोपं गेलं असतं!

१९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ जाहीर केलं, तेही निव्वळ छंद म्हणून. आज इथे ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या फोनच्या गाभ्यात तेच आहे. आपल्या वेळी महत्त्वाकांक्षा म्हणजे टक्के, आणि तेही शेजारच्यापेक्षा जास्त. हा माणूस मात्र तीस वर्षांहून अधिक काळ एकाच कामात रमला आहे. तुम्ही एखाद्या कामाला किती वर्षं द्यायला तयार आहात, यावरून महत्त्वाकांक्षा मोजावी, असं मला वाटतं.

लिनक्ससाठी हजारो लोकांनी काम केलं. कुणी आनंदासाठी, कुणी नावासाठी. आज तर बरेचसे कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. सगळे संत नाहीत. परवान्यातली अट मात्र साधी आहे : बदल करून पुढे वाटलंत, तर त्याचा कोडही त्याच अटींवर द्या. माणसाचा स्वभाव ओळखून नियम केला, की स्वार्थी माणसाकडूनही सगळ्यांच्या उपयोगाचं काम होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : ज्याला पटत नाही, तो सगळा कोड घेऊन वेगळा होऊ शकतो. जाण्याची वाट उघडी असल्यामुळे प्रमुखाला बाकीच्यांचं मन राखावं लागतं. जो थांबतो, तो मनापासून थांबतो.

आपल्या घरात अशी वाट असते का? आपल्यापैकी कित्येकांची मुलं आता दहावी-बारावीला आहेत. ‘तुला पूर्ण स्वातंत्र्य आहे’ असं आपण सांगतो, पण यादीत इंजिनिअरिंग आणि मेडिकल ही दोनच नावं असतात. आमच्या वर्गातल्या काही मैत्रिणींनी नोकरी सोडली, काहींना सोडावी लागली. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक तिलाच ठाऊक, आणि तिला तो कुणी विचारत नाही.

स्वतंत्र होणं मोफत नसतं, हेही खरं. वेगळा झालेला प्रोग्राम पुढे ज्याचा त्याने सांभाळायचा, दुरुस्त्याही त्यानेच करायच्या. मुलांना ही किंमत लपवून न ठेवता सांगावी आणि मग अडवू नये. आमच्याकडे वेगळ्या वाटेने गेलेलं चांगलं काम मूळ प्रवाहात परत घेतात. घराचं दारही तसंच असावं.

शेवटी एक विनंती. आता जेवताना एकमेकांना पॅकेज आणि मुलांचे टक्के विचारू नका. कशात रमलास, कशात रमलीस, ते विचारा. आणि मैत्रिणीने नोकरी सोडली असेल, तर सोडलीस की सोडावी लागली, हेही विचारा. उत्तराला वेळ लागेल. आज आपल्याकडे संध्याकाळपर्यंत वेळ आहे.