शाळा पाहायला जाल तेव्हा जिनाही पाहा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने मला रेल्वेतल्या अनुभवांवर बोलायला सांगितले होते. परंतु गेले काही महिने आपल्यापैकी कोणाच्याही घरी चहाला गेले तरी विषय एकच निघतो: पोरांना कोणत्या शाळेत घालायचे? म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. रुळांच्या गोष्टी पुढच्या वर्षी.

या वादात तीन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, सरकारी शाळेत लक्ष देत नाहीत, संडास धड नसतात, फी भरली तरच शिक्षण मिळते. दुसरा म्हणतो, फीमधून टाय आणि बूट मिळतात, गणित शेवटी शिकवणीतच शिकावे लागते. तिसरा पक्ष गलाईच्या धंद्यातल्या आपल्या मंडळींचा. पोराला विट्याला किंवा आटपाडीला आजीकडे ठेवायचे, म्हणजे मराठीही राहते आणि काळजीही मिटते. काळजी मिटते का, हे त्या पोराच्या आईला विचारावे. दिवाळीला गाडीत बसवून देताना फलाटावर मी त्या माउल्यांचे चेहरे पाहतो.

तिन्ही पक्षांचे म्हणणे मी ऐकले. पण ज्या गावात आपण राहतो त्या गावात हा वाद घालताना एक गोष्ट कोणीच बोलत नाही, याचे मला नवल वाटते. कदाचित बोलवत नसेल.

16 जुलै 2004, शुक्रवार. मी तेव्हा सांगलीत डिप्लोमा घेऊन रेल्वे भरतीच्या परीक्षेची तयारी करीत होतो. कुंभकोणम हे नाव त्या दिवशी दूरदर्शनवर पहिल्यांदा नीट ऐकले. इथे तीस-तीस वर्षे दुकान असलेले काका-अण्णा आज समोर बसले आहेत. त्यांना मी काय सांगावे? पण नव्याने आलेल्या तरुण जोडप्यांसाठी सांगतो.

काशीरामन रस्त्यावर श्री कृष्णा ही अनुदानित खाजगी शाळा होती. एकाच इमारतीत तीन शाळा चालत. खाली स्वयंपाकघर, तिथे दुपारच्या जेवणाची चूल पेटलेली. वर लहान मुलांचे वर्ग, आणि त्या वर्गांवर झावळ्यांचे छप्पर. सकाळी अकराच्या सुमारास चुलीच्या आगीने छप्पर धरले. जळते छप्पर बांबूंसकट मुलांवर कोसळले. बाहेर पडायला अरुंद जिना. 94 मुले गेली. आजही दर वर्षी 16 जुलैला आईवडील तिथे मुलांची छायाचित्रे मांडून मेणबत्त्या लावतात. ती पोरे आज तिशीच्या आसपास असती.

आपल्यातले निम्मे लोक रोज आगीशी काम करतात. मूस भट्टीत ठेवताना आजूबाजूला काय आहे हे तुम्ही न सांगता पाहता. ॲसिडचा कॅन कुठे, गॅसची नळी कुठे, पळायची वाट कोणती. नवीन पोरगा दुकानात आला की पहिल्या दिवशी त्याला हेच दाखवता. मग तोच माणूस मुलाचा प्रवेश घ्यायला जातो तेव्हा फक्त निकालाचा फलक वाचून कसा परत येतो, हे मला समजत नाही. झावळ्यांखाली चूल, हे तुमच्या दुकानात तुम्ही एक दिवस चालू दिले असते का?

आता वादाचा मुद्दा. ती शाळा सरकारी होती का? नव्हती. महागडी खाजगी होती का? तीही नव्हती. सरकारकडून अनुदान, चालवणारे खाजगी, आणि पोरे साध्या कष्टकरी घरांतली. म्हणून 'सरकारी वाईट, खाजगी चांगली' किंवा त्याच्या उलट, या दोन्ही बाजूंना ती शाळा साक्षीदार म्हणून उपयोगी पडत नाही. फी किती आहे याची आगीला काही माहिती नसते. हरियाणात डबवालीला डिसेंबर 1995 मध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाला आग लागली. तिथे चारशेहून अधिक माणसे गेली, आणि ती चांगली नावाजलेली इंग्रजी शाळा होती. आपल्या शेजारी तंजावरला जून 1997 मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात यज्ञमंडप पेटला होता. म्हणजे कुंभकोणमच्या आधी सात वर्षे आणि चाळीस किलोमीटरवर. तरी वर्गावरची झावळी तशीच राहिली.

ती का राहिली, हा प्रश्न मला अभियंता म्हणून जास्त टोचतो. खटल्याचा निकाल 30 जुलै 2014 रोजी तंजावरच्या न्यायालयात लागला. दहा वर्षांनी! दहा जण दोषी ठरले, अकरा सुटले. संस्थापकाला जन्मठेप झाली. पुढे 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच शिक्षा रद्द किंवा कमी केल्या. आरोपींत शिक्षण खात्याचे अधिकारी होते, तसाच इमारतीला दाखला देणारा एक अभियंताही होता. मी डिप्लोमाधारक माणूस, सही करणे हाच माझा रोजचा उद्योग. ते वाचल्यापासून सही करताना पेन थोडे जड वाटते, एवढेच सांगतो.

रेल्वेतली एक गोष्ट बाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करायचा तर रेल्वे सुरक्षा आयुक्त तपासणी करतात, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. कारण साधे आहे: ज्याने बांधले त्यानेच 'ठीक आहे' म्हणू नये. शाळेच्या बाबतीत असा बाहेरचा डोळा कोणाचा? माझ्या मते पालकांचा. दुसरा मला तरी दिसत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. या आगीनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2009 मध्ये निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो, असे त्यात सांगितले. प्रत्येक शाळेत अग्निशामक उपकरणे हवीत, शिक्षकांना ती वापरता यायला हवीत, इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे हवी, असे आदेश आहेत. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. विनाअनुदानित खाजगी शाळेला ही समिती बंधनकारक नाही. म्हणजे जिथे आपण फी भरतो तिथे आपल्याला खुर्ची नाही, आणि जिथे फी नाही तिथे खुर्ची आहे. गंमतच म्हणायची.

माझे स्वतःचे म्हणाल तर मोठा मुलगा खाजगी शाळेत आहे, धाकटी महानगरपालिकेच्या. नातेवाइकांनी भुवया उंचावल्या. प्रवेशापूर्वी मी दोन्हीकडे टेप घेऊन गेलो होतो. खाजगी शाळेत कार्यालयातल्या बाईंनी विचारले, "सार, तुम्ही खात्याकडून आलात का?" मी म्हणालो, "नाही, बापाकडून आलोय." तिथे दुसऱ्या मजल्याचा मागचा दरवाजा कुलूपबंद होता आणि त्यामागे जुनी बाके रचलेली होती. सात पालकांनी मिळून पत्र दिले, आठवड्यात वाट मोकळी झाली. धाकटीच्या शाळेत इमारत तळमजल्याची, प्रत्येक वर्गाला बाहेर उघडणारे दार, स्वयंपाकघर मैदानाच्या पलीकडे. संडासाला मात्र पाणी नव्हते आणि त्यासाठी समितीत चार महिने भांडावे लागले. माझ्या पत्नीने भांडण केले, मी फक्त अर्ज लिहून दिले. तिचे तमिळ माझ्यापेक्षा चांगले आहे.

तमिळचा बाऊ करणाऱ्यांना एवढेच सांगतो की 2006 च्या कायद्यानंतर राज्य मंडळाच्या शाळांत तमिळ पहिलीपासून आलेच आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा येथे दिवाण झालेले सर टी. माधवराव 1828 साली याच कुंभकोणमात मराठी घरात जन्मले. त्या घराण्यांना तमिळने काही कमी केले नाही. मराठी टिकवायची जबाबदारी घराची आणि या मंडळाची, शाळेची नव्हे.

शिकवणे कसे आहे, हेही पाहायलाच हवे. त्यासाठी तिसरीच्या पोराला वर्गातलेच पुस्तक वाचायला द्यावे, दहा मिनिटांत कळते. पण ते दुसऱ्यांदा जाल तेव्हा. पहिल्या फेरीत जिना मोजा, मागचे दार उघडून बघा, स्वयंपाकघर कुठे आहे ते विचारा, अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचा. दाखवायला नकार मिळाला तर तेही उत्तरच समजावे.

इकडे विजयादशमीला लहान मुलांचे प्रवेश होतात. म्हणजे आपल्या हातात थोडेच दिवस आहेत. त्याआधीच्या दोन रविवारी मला सुट्टी आहे. शाळा रविवारी बंद असतात हे मला ठाऊक आहे, पण रखवालदार असतो आणि जिना कुठे जात नाही. शनिवारी अर्धा दिवस रजा टाकून मुख्याध्यापकांनाही भेटता येईल. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी आरतीनंतर प्रसादाच्या टेबलापाशी नाव द्यावे. टेप मी आणतो.