‘बस’ म्हटलं की सोडायचं

(अमळनेर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘स्वसंरक्षण’ असा छापलाय. पण ठोसा कसा मारायचा, हे मी सांगणार नाही. मी बोलणार आहे ते ‘बस’ म्हणण्याबद्दल.

इथे अमळनेरात आमच्या किशोरींच्या गटात आठवड्यातून दोनदा गाद्या अंथरून झटापटीचा सराव चालतो. प्रकार ब्राझिलियन जिउ-जित्सूचा. नाव लांबचं, पण मूळ ज्युदोत आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत ज्युदोची शाळा काढली. त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले आणि तिथल्या ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरच्या झटापटीचा भाग वाढवत नेला.

आपल्या खानदेशात जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. पण कुस्तीत पाठ टेकली की संपलं, निकाल पंच देतात. इथे पाठ टेकल्यावर खरी सुरुवात होते आणि निकाल बहुतेक वेळा हरणारीच देते. कोपर उलट दिशेला ताणलं गेलं किंवा गळ्याभोवती हात आवळला गेला, की तिने समोरच्या मुलीच्या अंगावर दोन-तीनदा थोपटायचं. हात अडकले असतील तर पाय गादीवर आपटायचा. तेही जमत नसेल तर तोंडाने ‘बस’ म्हणायचं. समोरचीने त्याच क्षणी सोडायचं. ‘का गं?’ नाही, ‘अजून थोडं’ नाही. याला टॅप म्हणतात. आमच्या मुली ‘थाप’ म्हणतात आणि मराठीत थापेचा दुसरा अर्थ ठाऊक असल्यामुळे खिदळतात.

ऐकायला सोपं आहे. पण थोपटायचं कधी, हे शिकायलाच नव्या मुलींना सगळ्यात जास्त वेळ लागतो.

शरीराचं थोडं समजून घ्या. कोपराच्या पेचात दुखणं आधी येतं आणि इजा मागून येते, पण मधलं अंतर फार थोडं असतं. म्हणून हात पूर्ण सरळ झाला, आता सुटत नाही असं कळलं, की दुखण्याची वाट पाहायची नाही. टाच पिरगळण्याच्या पेचात उलटं आहे. गुडघ्याचे स्नायुबंध फाटतात, तरी दुखणं पोचलेलं नसतं. तो पेच आम्ही नव्या मुलींना करू देत नाही. गळ्याच्या पेचात मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. फारसं दुखतही नाही आणि दहा-एक सेकंदांत शुद्ध हरपू शकते. मात्र नुसती कुणी छातीवर बसली, घुसमटल्यासारखं झालं, तर तो त्रास आहे, इजा नव्हे. तिथे कुशीवर वळायचं, श्वास सांभाळायचा. हा फरक पुस्तकातून कळत नाही, अंगाला कळावा लागतो.

काही मुली कुणी अंगावर आलं की लगेच थोपटतात. त्यांना मी कधीही ‘थोडं सहन कर’ म्हणू देत नाही. एखादीला त्या वजनाखाली दुसरंच काही आठवत असतं. ते नंतर, एकटीला बसवून, तिची इच्छा असेल तरच विचारायचं.

पण जास्त मुली थोपटतच नाहीत. एकीने मला सांगितलं, “हात मोडना तरी चाली, पन मी हार मानाव नही.” ही जिद्द मुलांमध्येही असते. मुलींमध्ये मात्र मला आणखी काहीतरी दिसतं. दुखतंय म्हणणं म्हणजे नखरा, हे घरी लहानपणापासून ऐकलेलं असतं. पाळीत पोट दुखलं तरी भाकरी थापायच्याच. दुसरीने विचारलं, “ताई, किती दुखल्यावर थोपटायचं?” जणू त्याचंही माप कुणीतरी ठरवून द्यायला हवं!

प्रशिक्षक मंडळी १९५१ ची एक लढत फार अभिमानाने सांगतात. रिओत जपानच्या किमुराने एलिओ ग्रेसीचा हात मोडला, तरी एलिओने थोपटलं नाही. शेवटी भाऊ कार्लोसने लढत थांबवली. गोष्ट रोमहर्षक आहे खरी. पण सोसण्याचे असे पोवाडे मुलींना ऐकवायची मला गरज वाटत नाही, ते त्यांना पाठ आहेत.

निम्मं शिक्षण सोडणारीचं असतं. एकदा एका मुलीने थोपटल्यावरही क्षणभर जास्त ताणलं. समोरचीचं कोपर सुजलं. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. “हात वाकडा राहिला तर पोरीला कोण करेल?” मी तिला वर्गात बसवून घेतलं. ज्या मुलीने ताणलं होतं तिला पुढचा आठवडाभर एकच काम दिलं, पेच धरायचा आणि थाप पडताच सोडायचा. आई तासभर बघत होती. जाताना म्हणाली, “इथं सांगितलं की सोडतात. घरात कोण सोडतं?”

त्या बाईला मी काय उत्तर देणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही जुना अपवाद तसाच आहे. अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो, त्याखाली संरक्षण आदेश मागता येतो. तेवढं मी तिला सांगितलं.

रस्त्यावर थोपटून कुणी सोडणार नाही, हे मुलींना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. टॅप हा हल्लेखोरासाठी नाही. उद्या पुन्हा सरावाला धड हातापायांनी येता यावं म्हणून तो आहे. पण आपण ‘बस’ म्हटलं आणि समोरचं माणूस खरोखर थांबलं, हा अनुभव आमच्यातल्या कित्येक मुलींनी पहिल्यांदा त्या गादीवरच घेतला.

तुमच्या गावात वर्ग काढणार असाल तर एकही पेच शिकवण्याआधी थोपटणं आणि सोडणं शिकवा. शक्यतो प्रशिक्षक बाई असावी. पुरुष असेल तर अंगाला हात लावण्याआधी त्याने विचारलंच पाहिजे. नखं कापलेली, बांगड्या-कानातलं काढलेलं. मानेचं किंवा खांद्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टर.

आमच्या दोन मुली इथे आल्या आहेत. जेवणानंतर त्या पेच करून दाखवतील. कुणाला स्वतः करून बघायचं असेल तर पदर खोचून या, आणि आधी थोपटून दाखवा.