लोकल गाड्यांची बदली आणि निवृत्ती

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या फलाटावर सकाळी गाडी आली की चढायला मिळालं यातच समाधान. तिचं वय कोण विचारतो? रेल्वेच्या हिशेबाने लोकलच्या डब्याचं आयुष्य साधारण 25 वर्षांचं. तेही खारी हवा, तुंबलेलं पाणी आणि दाराला लोंबकळणारी गर्दी सोसत.

पण जुन्या गाड्यांना घरी बसवलं ते विजेचा प्रवाह बदलल्याने. मुंबईत 1925 साली पहिली विद्युत गाडी धावली ती 1,500 व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. पुढे टप्प्याटप्प्याने 25,000 व्होल्टचा एसी प्रवाह आला. मधल्या काळात दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या लागल्या. एप्रिल 2016 मध्ये हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली.

बाकीच्यांची बदली होते. पश्चिम रेल्वेवर 2015 पासून बम्बार्डियर गाड्या आल्या, तशा तिथल्या सीमेन्स गाड्या मध्य रेल्वेकडे वळल्या. त्यांत होते छतातून हवा सोडणारे ब्लोअर, आणि ब्रेक लागताच तयार होणारी वीज परत तारेत पाठवणारी यंत्रणा. वापरलेल्या असल्या तरी मध्य रेल्वेच्या आपल्या प्रवाशांसाठी ही मोठी सुधारणा होती.

साधी गाडी काढून वातानुकूलित गाडी लावणं मात्र वेगळं. तिकीट महाग, आणि दारं बंद झाली की बाहेरचे बाहेरच. म्हणून ऑगस्ट 2022 मध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी केलेला विरोध मला रास्तच वाटतो. मध्य रेल्वेने तेव्हा नव्याने सुरू केलेल्या 10 वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या.