मावळातील कुमार वाचक आणि त्याचे पुस्तक

आठवी ते दहावीच्या वर्गातील मुले पाठ्यपुस्तकापलीकडे काहीही वाचीत नाहीत, अशी तक्रार शिक्षक आणि पालक नेहमी करीत असतात. तक्रार खरी आहे. परंतु तिचे जे निदान केले जाते ते बहुधा चुकते. मुलाला मुळातच वाचनाची आवड नाही, मोबाईलने त्याला बिघडविले, असे म्हणून विषय मिटविला जातो. वस्तुतः ज्या मुलाविषयी हे बोलले जाते तोच मुलगा क्रिकेटच्या सामन्याचा वृत्तांत शब्दन् शब्द वाचतो, मोटारसायकलच्या सुट्या भागांची माहिती शोधून काढतो आणि जत्रेतील कुस्त्यांच्या फडाची जाहिरात इनामाच्या आकड्यांसह तोंडपाठ म्हणून दाखवितो. अक्षरांचे त्याला वावडे नाही. आजवर त्याच्यापुढे जी पुस्तके ठेवली गेली ती एक तर परीक्षेसाठी होती, किंवा त्याला सुधारण्यासाठी होती. दोन्ही हेतू त्याने ओळखले आणि तो दूर झाला.

मावळ तालुक्यात या प्रश्नाला विशेष निकड आहे. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांतील अनेक मुले दहावी होताच कामाच्या शोधात निघतात. कोणी लोणावळ्याच्या हॉटेलात किंवा चिक्कीच्या दुकानात लागतो, कोणी तळेगावच्या कारखान्यात पाळी धरतो, कोणी पर्यटकांची गाडी चालवितो. एकदा पाळी सुरू झाली की त्याच्या हाती गोष्टीचे पुस्तक आणून देणारे कोणी राहत नाही. चौदा ते सोळा ही वर्षे त्यामुळे शेवटची संधी ठरतात. पुणे आणि मुंबई यांच्या मध्ये असल्यामुळे या तालुक्यातील जमिनीला मागणी मोठी आहे. बंगल्यांसाठी, विश्रामस्थळांसाठी जमिनी विकल्या गेल्या, विकल्या जात आहेत. वीस-पंचवीस पानांचे साठेखत समोर येते तेव्हा साक्षर माणूसही शेवटच्या पानावर सही करून मोकळा होतो, कारण सलग वीस पाने वाचण्याची त्याला सवयच नसते. ही सवय कायद्याच्या पुस्तकाने लागत नाही. ती कथेने लागते. पुढे काय झाले या उत्सुकतेने पाने उलटली जातात आणि डोळ्यांना व मनाला सलग बसण्याचे वळण पडते.

अशा मुलाला पहिले पुस्तक द्यावयाचे ते शक्यतो त्याच्या ओळखीच्या मुलखातले असावे. या बाबतीत मावळ तालुका भाग्यवान म्हणावा लागेल. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचे दीर्घकाळ वास्तव्य तळेगाव दाभाडे येथे होते. त्यांचा जन्म १९१६ साली विदर्भातील परतवाडा येथे झाला. स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी कोवळ्या वयात घर सोडले. शालेय शिक्षण सातवीच्या पुढे गेले नाही. गाडगे महाराजांचा सहवास, नर्मदेची परिक्रमा, अखंड भटकंती आणि भटकंतीइतकेच अखंड वाचन यांतून हा लेखक घडला. त्यांच्या ‘स्मरणगाथा’ या ग्रंथाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९८ साली त्यांचे निधन झाले. वर्गात मन न रमणाऱ्या मुलाला हे चरित्र अवश्य सांगावे. त्यातून शाळा सोडण्याचे समर्थन होईल अशी भीती काहींना वाटते, ती अनाठायी आहे. शाळा सुटली तरी पुस्तक सुटू नये, एवढेच मुलगा त्यातून घेतो.

दांडेकरांच्या ‘पवनाकाठचा धोंडी’ या कादंबरीत पवनेचे खोरे आणि तुंग किल्ला येतो. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवर घडते. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे जी पायवाट उधेवाडीला जाते, त्या वाटेवरचा मुलगा जेव्हा आपला श्रीवर्धन आणि मनरंजन छापील पानावर पाहतो, आजीच्या तोंडचे शब्द कादंबरीत वाचतो, तेव्हा पुस्तक ही शहरातल्या इतर कोणाची वस्तू आहे ही त्याची समजूत ढिली होते. खेड्यातील मुलाच्या वाचनविन्मुखतेमागे ही समजूत किती खोल असते, याची दखल फारशी घेतली जात नाही. पुस्तकातली घरे निराळी, जेवण निराळे, बोलणे निराळे. आपले बोलणे अशुद्ध, हे तर त्याला लहानपणापासून ऐकविलेले असते. ज्या भाषेला वर्गात दुरुस्त केले जाते तीच भाषा मान्यवर लेखकाने आदराने लिहिलेली आढळली, तर त्याचा परिणाम दहा उपदेशांनी होणार नाही एवढा होतो.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. ‘माचीवरला बुधा’ ही मुंबई सोडून डोंगरावर परतलेल्या एका वृद्धाची कथा आहे. तिच्यात घटना थोड्या, रान आणि पाखरे पुष्कळ. थोर पुस्तक आहे म्हणून ते पंधरा वर्षांच्या चपळ मुलाच्या हाती एकदम दिले तर तो चौथ्या पानावर थांबण्याची शक्यता अधिक. राजमाचीच्या सहलीत, माचीवरच बसून, शिक्षकाने त्यातील एखादे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे आणि पुस्तक मिटावे. ज्याला पुढचे हवे असेल तो मागून घेईल. तिकोना, लोहगड, विसापूर चढण्यापूर्वी दांडेकरांच्या दुर्गविषयक लेखनातील चार पाने वाचणे हाही तसाच सोपा उपाय आहे.

ज्याला वेग हवा त्याच्यासाठी भा. रा. भागवत आहेत. त्यांचा फास्टर फेणे हा पुणे जिल्ह्यातील फुरसुंगीचा, सायकलवर वाऱ्यासारखा धावणारा किडकिडीत पोरगा. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. चित्रपट पाहिलेल्या मुलाला पुस्तक देणे हा कमीपणा मानण्याचे कारण नाही. नायक ओळखीचा असला की पहिली दहा पाने सोपी जातात. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथाही मराठीत आणल्या, आणि त्यांच्या पुढची पायरी म्हणून जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह सहज हाती येतो. ज्याला हसावयाचे आहे त्याला द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील यांच्या ग्रामीण कथा द्याव्यात. व्यंकटेश माडगूळकरांसमवेत या दोघांनी गावोगावी कथाकथनाचे कार्यक्रम केले. त्यांच्या कथा मुळात ऐकविण्याजोग्या असल्यामुळे अडखळत वाचणाऱ्या मुलालाही त्यांची लय सापडते. माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ तर या कामी फार उपयोगी आहे. १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक अगदी लहान आहे. वानरांच्या टोळीतील सत्तेचा संघर्ष त्यात आहे आणि तात्पर्य कोठेही सांगितलेले नाही. खंडाळ्याच्या घाटात पर्यटकांच्या हातची पिशवी पळविणारी माकडे रोज पाहणाऱ्या मुलाला त्यात काय वाचावे हे सांगावे लागत नाही. शेतीत रस असलेल्यांसाठी वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ आहे. ज्या तालुक्यातील वडगावच्या भात संशोधन केंद्राने इंद्रायणी हे वाण दिले, तेथील मुलाला एका कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञाने भुईमुगावर आणि मातीवर केलेले काम परके वाटणार नाही.

रहस्यकथांचे काय, हा प्रश्न शिक्षक हमखास विचारतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या पाठीमागे धावत कित्येक मराठी घरांतील माणसे प्रथम वाचनाला लागली, आणि त्यांतील काही पुढे ज्ञानेश्वरीपर्यंतही गेली. अभिरुचीची चाळणी लावण्याची घाई पहिल्या वर्षी करू नये. चाळणीसाठी आधी धान्य घरात यावे लागते.

वाचनाचा दुसरा दरवाजा उपयोगाचा आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. पायथ्याच्या गावातील मुले वाटाड्याचे काम करतात, आणि पर्यटकाने इतिहास विचारला की ऐकीव माहितीवर भागवून नेतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले आहे. तेथील भिक्षुसंघाचे वलुरक हे नावही लेखांतून कळते. ही माहिती सांगणाऱ्या मुलाला पर्यटक निराळ्या नजरेने पाहतो. ती नजर एकदा अनुभवलेला मुलगा कार्ले-भाजे लेण्यांवरचे पुस्तक स्वतःहून मागतो. येथे वाचन त्याच्या प्रतिष्ठेशी आणि काही अंशी मिळकतीशी जोडले जाते. अशा हेतूने केलेले वाचन कमी दर्जाचे मानणाऱ्यांनी स्वतःच्या स्पर्धा परीक्षा आठवून पाहाव्यात.

पुस्तक कोणते, याइतकाच ते कसे दिले जाते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फ्रान्समधील लेखक दानिएल पेनाक यांनी अनेक वर्षे शाळेत शिकविले. १९९२ साली त्यांनी वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यांतील पहिला हक्क न वाचण्याचा आहे, आणि तिसरा पुस्तक अर्धवट टाकण्याचा. आपल्याकडील शालेय व्यवहार नेमका उलट चालतो. घेतलेले पुस्तक पूर्ण केलेच पाहिजे, त्याचा सारांश वहीत लिहिलाच पाहिजे, आणि शेवटी काय बोध झाला हे वर्गात उभे राहून सांगितलेच पाहिजे. या तीन अटींत कोणताही प्रौढ माणूससुद्धा कादंबरी हाती घेणार नाही. मुलापुढे एकाऐवजी तीन पुस्तके ठेवावीत. वीस-पंचवीस पानांनंतर नको वाटल्यास परत करण्याची मुभा द्यावी. परत करताना कारण विचारू नये. दुसरे पुस्तक निवडताना त्याने पहिले कोठे सोडले याची मनातल्या मनात नोंद मात्र शिक्षकाने ठेवावी. ज्याचे वाचन इयत्तेच्या मानाने मागे आहे, त्याला इतरांदेखत बालवाङ्मय देऊन लाजवू नये. त्याच्यासाठी मासिक बरे. बालभारतीचे ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक संगणकीय स्वरूपात उपलब्ध आहेत. ज्या मोबाईलविषयी तक्रार केली जाते त्याच मोबाईलवर ते उघडता येतात.

आता ग्रंथालयाकडे वळावयास हवे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने राज्यात गावोगावच्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान मिळू लागले. गावातील वाचनालयात सकाळी वडीलधारी मंडळी वृत्तपत्र वाचतात. पुस्तकांचे कपाट बंद असते आणि किल्ली कोणा एकाकडे. कुमारवयीन मुलगा त्या खोलीत शिरण्यास बिचकतो, मुलगी तर उंबऱ्यापर्यंतही येत नाही. लोणावळा परिसरात शनिवार-रविवारची वेळ ठेवणे विशेष निरुपयोगी, कारण त्याच दोन दिवशी भुशी धरणाच्या वाटेवर मक्याची कणसे भाजण्यात नाही तर वाहनतळावर घरातील मुले गुंतलेली असतात. सोमवार-मंगळवारची संध्याकाळ त्यांना मोकळी असते. मुलींच्या बाबतीत वेळेपेक्षाही अडचण वाचनालयापर्यंत जाण्याची आहे. पुण्यातून सुरू झालेल्या ‘ग्यान-की’ या उपक्रमात ग्रामीण माध्यमिक शाळांना दिलेल्या पुस्तकांची व्यवस्था एका विद्यार्थिनीकडे सोपविली जाते. शाळेतच आणि मैत्रिणीच्या हातून पुस्तक मिळाले की ते दप्तरातून बिनबोभाट घरी जाते. धुणीभांडी उरकल्यावर जो अर्धा तास उरतो त्यात ते वाचले जाते.

दूरच्या वाड्यावस्त्यांसाठी उपाय जुनाच आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० नंतर बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जे जाळे उभारले, त्यात फिरत्या ग्रंथपेट्या होत्या. लाकडी पेटीत पुस्तके भरून ती गावी पाठविली जात, आणि वाचून झाल्यावर परत येत. पवन मावळातील चार माध्यमिक शाळांनी मिळून चार पेट्या कराव्यात आणि दर तिमाहीस त्या आपसांत बदलाव्यात, तर प्रत्येक शाळेला वर्षात चारपट पुस्तके पाहावयास मिळतील. यास शासननिर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांत ग्रंथालय हा विसावा विषय आहे. रस्ते आणि पाणीपुरवठ्याच्या रांगेत तो ग्रामसभेपुढे क्वचितच येतो, एवढेच. पेटीतील पुस्तके कोणती असावीत हे ठरविताना पंचायत सदस्य आणि मुख्याध्यापक यांच्याबरोबर नववीतील दोन मुलगे व दोन मुली बसवाव्यात, आणि त्यांतील एक तरी असा असावा की ज्याने आजवर एकही पुस्तक पूर्ण केलेले नाही. ही बैठक मे महिन्यात व्हावी. जूनअखेर लावणीची गडबड सुरू होते आणि मावळातला पाऊस एकदा बसला की मुले आठ-आठ दिवस घराबाहेर पडत नाहीत. पेटी त्याआधी वस्तीवर पोहोचलेली असावी.