नाव एक, अर्थ अनेक
(लखनौत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)

जय भीम, मित्रांनो आणि मैत्रिणींनो.

लखनौत आल्यापासून एक नाव तुम्हाला जागोजागी भेटतंय. गोमती नगरच्या दगडी स्मारकावर, विद्यापीठाच्या पाटीवर, आणि आत्ता आपण केलेल्या अभिवादनातही. आज त्या नावाबद्दलच बोलतो.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. मधलं नाव वडिलांचं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. इथे ती रीत नाही. म्हणून मार्च २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने कागदोपत्री ‘भीमराव रामजी आंबेडकर’ असंच लिहा, असा आदेश काढला तेव्हा वाद पेटला. त्यासाठी आग्रह धरणारे तेव्हाचे राज्यपाल राम नाईक मराठीच. त्यांनी संविधानाच्या हिंदी प्रतीवरच्या सहीचा दाखला दिला. विरोधकांना मात्र त्यात ‘राम’ पुढे करण्याचा डाव दिसला.

माझं म्हणणं असं : सही बाबासाहेबांचीच आहे, तेव्हा नाव बरोबरच आहे. पण शंकाही फुकटची नव्हती. नाव शुद्ध लिहिणं वेगळं आणि नावाला जागणं वेगळं.

जागणं म्हणजे काय, तेही याच राज्यात दिसतं. एप्रिल १९४८ मध्ये बाबासाहेब याच शहरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेत सत्तेचं महत्त्व सांगून गेले. पुढे मायावतींच्या काळात ‘आंबेडकर ग्राम’ योजनेने जोर धरला. तिथे या नावाचा अर्थ झाला वस्तीपर्यंत आलेला रस्ता, वीज, हातपंप. १९९६ मध्ये इथे केंद्रीय विद्यापीठ सुरू झालं. त्यात प्रवेशाच्या निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहेत. तिथे नावाचा अर्थ आहे वर्गातली जागा.

आता आपलं मराठवाडा आठवा. नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या साडेपंधरा वर्षांत वस्त्या जाळल्या गेल्या, पोचिराम कांबळेंसारख्यांचे जीव गेले. एका पाटीसाठी इतका राग कशाला? कारण ते नाव प्रत्येकाच्या पदवीवर छापलं जाणार होतं. तेच खुपत होतं.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात येणारी पदवी पहिलीच आहे. म्हणून एक सवय लावून घ्या. हे नाव कुणीही घेतलं, पुतळा उभारला, जयंती केली, तरी हात जोडा आणि लगेच विचारा : या नावाखाली कुणाला काय मिळालं? राखीव जागा भरल्या का? शिष्यवृत्ती वेळेवर आली का? उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. खाली सही करताना स्वतःचं पूर्ण नाव लिहा, आईबापाच्या नावासकट.

जय भीम.