वेल्डरचं एक वर्ष, आणि ते टिकवायचं कसं

भाकरी थापता थापता रेडिओ लावून ठेवलेल्या तायांना, वहिनींना, मावश्यांना आणि शेजारी बसलेल्या लेकीसुनांनाही रामराम. मी आपल्या प्रभागातल्या बचत गटांची समन्वयक. दहावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हप्त्याचा विषय मागे पडतो आणि पोरींचा विषय पुढे येतो. यंदा बऱ्याच जणींनी एकच विचारलं, "पोरीला आयटीआयला घालायची म्हणते, पण वेल्डरला जागा आहे म्हणतात. ते बाईमाणसाचं काम आहे का?"

काम बाईमाणसाचं आहे का, यावर मी फार वेळ घालवणार नाही. चुलीपुढे जन्म काढलेल्या बाईला आगीची भीती कोणी घालू नये. लोखंडाला लोखंड जोडायचं तर हात स्थिर लागतो, नजर लागते, घाई चालत नाही. हे सगळं भरतकाम करणाऱ्या पोरीकडे असतं. ठिणगीला घाबरून वेल्डर सोडलेली मुलगी मला अजून भेटलेली नाही. हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला बसता आलं नाही, अशा मात्र भेटल्या. म्हणून आज बोलायचं आहे ते आयटीआयच्या नियमांवर आणि तिथे मिळणाऱ्या सोयींवर. प्रवेश मिळाला की आपण पेढे वाटतो, आणि नियमांचा कागद पिशवीत घडी घालून ठेवतो.

आधी थोडक्यात, हा कोर्स आहे तरी काय. वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड. दहावी पास नसलेल्यालाही आपल्या राज्यात त्याला अर्ज करता येतो. कमीत कमी वय १४ वर्षं, आणि वरची मर्यादा नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पोरीची चौकशी करायला आलेल्या आईलाच कधीकधी शिकायचं असतं आणि ती बोलत नाही. शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. त्या भरल्या नाहीत तर मुलांकडे जातात. म्हणजे आपण लाजत बसलो तर जागा काही आपली वाट बघत थांबत नाही.

आता हजेरी. नियम असा की ८० टक्के हजेरी असल्याशिवाय वर्षअखेरच्या परीक्षेला बसता येत नाही. शंभर दिवस संस्था चालली तर ऐंशी दिवस हजर. ऐकायला सोपं वाटतं. वीस दिवस म्हणजे पुष्कळ, असंही वाटतं. आता वर्ष डोळ्यांसमोर आणा. वर्ग साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात. लगेच गौरी-गणपती, मग नवरात्राचं घर काढणं, दिवाळी. त्यानंतर कांद्याची लागण, आणि तेव्हा मजूर मिळत नाही म्हणून "दोनच दिवस थांब गं" असं घरातून येतं. मग लग्नसराई, मग गावची यात्रा. आजी दवाखान्यात ठेवली तर तिच्यापाशी बसायला कोण, तर पोरगी. भाऊ बसत नाही, कारण त्याचं कॉलेज असतं! पोरीचं मात्र आयटीआय असतं, आणि ते बुडवलं तरी चालतं असं आपणच ठरवून टाकतो. हे दोन-दोन दिवस कोणी मोजत नाही. मोजतं ते फक्त हजेरीपत्रक.

आमच्या एका गटाने यावर एक साधी गोष्ट केली. ज्या ताईची सून वेल्डरला गेली, तिच्या घरातल्या कालनिर्णयवर सून रोज संध्याकाळी खूण करायची. गेली तर बरोबर, राहिली तर फुली. महिन्याच्या बैठकीत बचतीचं पुस्तक भरताना त्या फुल्याही मोजायच्या. पहिल्या महिन्यात तीन फुल्या निघाल्या तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "एवढ्या कशा झाल्या?" त्यांना आपण तिला कधी कधी थांबवलं हे आठवतच नव्हतं. कांद्याच्या दिवसांत गटातल्या तिघीजणी त्यांच्या वाफ्यावर पाळीने गेल्या, आणि सून एसटीत बसून आयटीआयला गेली. मजुरी देण्याघेण्याचा प्रश्न आला नाही, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या तायांच्या पोरी जायच्या होत्या. पैशाची भिशी आपण चालवतोच, ही दिवसांची भिशी.

आजारपणाने राहावं लागलं तर अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला लगेच द्यायचा. महिन्याने दिलेला दाखला कोणी मानत नाही. आणि अर्ज निदेशकांच्या हातात नुसता देऊन यायचा नाही, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्यांना निदेशक म्हणतात, त्यांच्या वर गटनिदेशक आणि सगळ्यांच्या वर प्राचार्य. गटनिदेशक म्हटल्यावर आपल्या एका मावशींना वाटलं की ते बचत गटाचेच साहेब. तसं नाही.

यायला-जायला १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ते तुम्हाला माहीत आहे. पण रोज जाणाऱ्या विद्यार्थिनीने मासिक पास काढावा. सवलतीच्या पासात भाड्याचा साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो, म्हणजे अर्ध्या तिकिटापेक्षाही स्वस्त. त्यासाठी संस्थेचा बोनाफाईड दाखला लागतो. गाडीची वेळ जुळत नसेल तर गटाच्या लेटरहेडवर आगार व्यवस्थापकांना पत्र द्या, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. एकट्या पोरीच्या अर्जापेक्षा पंधरा सह्यांचा कागद लवकर वाचला जातो. लांबच्या मुलींनी वसतिगृहाची चौकशी प्रवेशाच्या आधीच करावी. काही आयटीआयची स्वतःची वसतिगृहं आहेत, शिवाय समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाचीही आहेत.

आता वर्कशॉपच्या आतले नियम. इथेच सासू आणि सून यांच्यात खरी वादावादी होते. वर्कशॉपमध्ये ओढणी चालत नाही, मोकळे केस चालत नाहीत, बांगड्या, अंगठी, लोंबणारं गळ्यातलं चालत नाही. नव्या नवरीच्या हातातला चुडा उतरवायचा म्हटल्यावर घरात काय होतं, ते मी वेगळं सांगायला नको. पण यामागचं कारण घरात नीट सांगितलं गेलं पाहिजे. वेल्डिंगच्या मशीनमधून मोठा करंट वाहतो आणि अंगावरच्या धातूतून तो जाऊ शकतो. धातूची बांगडी तापली तर मनगट भाजून काढते. काचेची बांगडी हातोडीच्या दणक्याला फुटते. लोंबतं मंगळसूत्र वाकून काम करताना थेट गरम जॉबवर येतं. नियम शोभेसाठी केलेला नाही आणि सौभाग्याच्या विरोधातही नाही. आमच्याकडे एका सासूबाईंनी तोडगा काढला. सून फाटकातून आत गेली की चुडा डब्यात, बाहेर आली की हातात. डबा त्यांनीच दिला.

कपडे सुतीच. नायलॉन, पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं. पायात चपला-सॅंडल चालत नाहीत, पाय झाकणारे चामड्याचे बूट लागतात. हेल्मेट किंवा हातात धरायची काळ्या काचेची ढाल, चामड्याचा एप्रन, चामड्याचे हातमोजे हे सामान ट्रेडच्या ठरवून दिलेल्या साहित्य यादीत प्रशिक्षणार्थींसाठी असतं. म्हणजे ते मागणं हा हट्ट नव्हे. हातमोजे मात्र मोठ्या मापाचे असतात आणि बारीक हातातून घसरतात. घसरणारा मोजा घालून काम करू नका, योग्य मापाचा मागा, आणि गरज पडली तर लेखी मागा.

डोळ्यांबद्दल दोन शब्द जास्त बोलते. वेल्डिंगचा जाळ उघड्या डोळ्यांनी पाहिला तर त्या क्षणी काही होत नाही. त्रास होतो काही तासांनी, बहुतेक रात्री. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. जो वेल्डिंग करतो त्यालाच हे होतं असं नाही, शेजारी उभं राहून बघणाऱ्यालाही होतं. म्हणून वेल्डिंगच्या जागेला पडदे असतात आणि मधे घुसू नये असा नियम असतो. आपल्याकडे अशा वेळी कोणी दुधाची घडी सांगतं, कोणी बटाट्याचा काप. ते करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि वेल्डिंग झाल्यावर वरची खपली हातोडीने काढतात तेव्हा साधा चष्मा घालायचाच, कारण ती तापलेली खपली उडून डोळ्यात जाते. बऱ्याच पोरांना वाटतं जाळ विझला की धोका संपला. पोरींनी तरी त्यांचं बघून शिकू नये.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप, ज्याला आपण जीआय पाइप म्हणतो, तो वेल्ड केला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, आणि घरात वाटतं मलेरिया झाला. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण वेल्डिंग करतो हे आधी सांगावं. दिवस गेले असतील तर ते डॉक्टरांना आणि निदेशकांना दोघांनाही लपवून ठेवू नये. गॅस वेल्डिंगमध्ये काळं सिलिंडर ऑक्सिजनचं आणि मरून रंगाचं ॲसिटिलीनचं. ऑक्सिजनच्या तोटीला तेल किंवा ग्रीस लागलेला हात लावायचा नाही, भडका उडतो. हे निदेशक शिकवतातच, पण पोरीने घरी येऊन आईला सांगितलं तर तिच्याही पक्कं लक्षात राहतं.

आता जे विषय बैठकीत दबक्या आवाजात निघतात ते. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्याचा कायदा १९९९ पासून आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते, आणि गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अंगाशी येणं, घाणेरडं बोलणं, मोबाइलवर नको ते पाठवणं, यासाठी २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. जिथे दहा किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, तिची अध्यक्ष स्त्री असावी लागते आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रिया. तक्रार घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. प्रवेशाच्या दिवशीच विचारा, समितीत कोण आहे आणि नावांचा फलक कुठे लावलाय. हे विचारल्याने मुलगी वाईट ठरत नाही. उलट, या पोरीमागे माणसं आहेत हे तिथे कळतं.

त्याच फेरीत मुलींचं स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा. पाणी आहे का, आतून कडी लागते का, कपडे बदलायला जागा आहे का. पाळीच्या चार दिवसांत मुली घरी का राहतात याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. चार दिवस गुणिले बारा महिने, मग ८० टक्के कुठून भरणार?

पैशाचं थोडक्यात. शासकीय आयटीआयमधल्या पात्र प्रशिक्षणार्थींचं विद्यावेतन राज्य सरकारने २०२३ साली ४० रुपयांवरून दरमहा ५०० केलं. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून मुलीचं स्वतःचं खातं बँक सखीकडून तपासून घ्या. वडिलांचं खातं देऊ नका. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती ठेवा. अनामत रक्कम शेवटी परत मिळते, पण पावती दाखवून. खासगी संस्थेत जाणार असाल तर वेल्डर ट्रेडला राष्ट्रीय पातळीवरची मान्यता आहे का ते पाहा. बाजारात दीड-दोन महिन्यांचे वेल्डिंग क्लास असतात. हात बसायला ते ठीक, पण तिथला कागद म्हणजे आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र नव्हे, आणि नोकरीच्या ठिकाणी तो फरक पडतो.

परीक्षेत लेखी भाग संगणकावर असतो आणि त्यात ३३ टक्के पुरतात. प्रात्यक्षिकात मात्र ६० टक्के लागतात. घरी पुस्तक वाचून ते भरून निघत नाहीत, रोज हातात रॉड धरावा लागतो. वर्षात १५० तास बाहेरच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम किंवा संस्थेतच गटाने प्रकल्प, असंही असतं. बाहेर पाठवणार असतील तर कुठे, किती वाजता सुटणार आणि सोबत दुसरी मुलगी आहे का, ते आधी विचारून घ्या. पास झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते, त्यात विद्यावेतनही मिळतं. आणि नोकरी नाही केली तरी आपल्या गावात ट्रॉलीचा फाळका, गेट, ग्रिल, पाभरीचा फण जोडायला माणसं तालुक्याला जातातच. त्या मशीनसाठी गटातून कर्ज कसं घ्यायचं यावर पुन्हा एकदा बोलू.

कागदांचं आजच सुरू करा. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, लागत असेल तर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार. लग्नानंतर नाव बदललेल्या तायांनो, तुमच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते, आणि ती एका दिवसात होत नाही. ग्रामपंचायतीत उद्या सकाळीच विचारा. ज्यांना ऑनलाइन अर्ज भरता येत नाही त्यांनी आपल्या गटाच्या सचिवाला घेऊन जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये जावं, तिथे प्रवेशाच्या दिवसांत मदत करतात. मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच सोबत ठेवा, आणि नियमांची माहितीपुस्तिका मिळाली की ती पुढच्या बैठकीत घेऊन या, एकीने मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची.