अंगठा लावण्यापूर्वी वाचा

(अंबड तालुक्यातील एका खेड्यात शाळेच्या पटांगणात पालकांची सभा भरली होती. त्या सभेत गावच्या प्राथमिक शिक्षकाने दिलेले व्याख्यान.)



कापूस वेचायचा ठेवून, भाता आणि चाक बंद करून आपण आलात, तेव्हा वेळ वाया जाईल असे बोलणार नाही. आजचा विषय मुलांच्या गुणांचा नाही. आपल्या खिशातला मोबाईल, घरातला टी.व्ही. आणि चहाच्या टपरीवर येणारे वर्तमानपत्र, यांच्याविषयी मला बोलायचे आहे. ही तिन्ही आज घरातली वडीलधारी मंडळी होऊन बसली आहेत. लेकीच्या लग्नात किती खर्च करावा, कपाशीवर काय फवारावे, शेजाऱ्याशी बोलावे की अबोला धरावा, हे तीच सांगतात आणि आपण ऐकतो. वडीलधाऱ्याचे ऐकावे हे खरे. पण आधी तो कोणाचा कोण, हे तरी विचारावे.

जुनी गोष्ट सांगतो. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी कुणबी सावकारांवर उठले. तो दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावी पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे, खते, हुकूमनामे घराबाहेर काढून त्यांनी त्यांची होळी केली. अंगावरचे दागिने सोडून कागद का जाळले? कारण त्या कागदाखाली कुणब्याने नांगराची निशाणी केलेली असे, आणि वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. शंभर घेतले की दोनशे, हे सावकाराने वाचून दाखवावे आणि याने मान डोलवावी. न वाचलेल्या कागदाने जमिनी गेल्या, बैल गेले.

आपल्या अंबडची तऱ्हा वेगळी नव्हती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीचा कारभार उर्दूत चाले, घरचे जुने कागद मोडीत. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा आपल्याच आज्यापणज्याचे नाव वाचून घेण्यासाठी मोडी आणि उर्दू जाणणारा माणूस धुंडाळावा लागला. अक्षर दुसऱ्याच्या हाती असले म्हणजे काय होते, ते सांगायला यापेक्षा जवळचा दाखला कशाला हवा?

हे ओळखूनच जोतीराव फुल्यांनी विद्येसाठी हाडे झिजवली. 1 जानेवारी 1877 रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. 1880 पासून नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईतून चालवला. 1910 साली मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ काढला, तो शहरातून नव्हे. गोदावरीच्या वरच्या अंगाला नेवासे तालुक्यात तरवडी म्हणून खेडे आहे. तिथून त्यांनी तो कित्येक वर्षे चालवला. ज्याला वाचता येत नसे त्याच्याकरिता गावोगाव सत्यशोधक जलसे होत. आपली बातमी आपण लिहावी आणि दुसऱ्याने लिहिलेली पारखून घ्यावी, ही शिकवण त्या मंडळींनी पोट मारून दिली.

आज आपल्याला वाचता येते. पण अंगठा काही सुटला नाही. पूर्वी तो शाईत बुडवून कागदावर लावत होतो. आता मोबाईलच्या काचेवर लावतो. वरचा मजकूर कोणी लिहिला, केव्हा लिहिला, हे न पाहता अंगठा दाबतो आणि संदेश पुढे पाठवतो. त्या एका दाबण्याखाली आपली साक्ष पडते, हे ध्यानात येत नाही.

त्या साक्षीने काय होते ते ऐका. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक भिक्षा मागत तिथे आले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाईलवर घरोघर पोहोचले होते. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारले. पाच माणसे गेली. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरून पोट भरणारी ही गरीब माणसे. आपल्या दारीही अशी माणसे येतात. आपली आजी त्यांना पसाभर धान्य वाढीत असे. त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. ती मुळात पाकिस्तानातल्या कराची शहरात लोकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. शेवटी मूल परत आणून सोडतात, तो भाग कोणीतरी कापून टाकला होता. कुठली कराची आणि कुठला राईनपाडा! त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण गेलेले पाच जीव मर्यादेने परत येत नाहीत.

खोट्या शब्दाने नेहमी जीवच जातो असे नाही, कधी पोट मारले जाते. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चात कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी आवई उठली. तिला शास्त्राचा काडीचा आधार नव्हता. तरी भाव कोसळले. कोणी पक्षी फुकट वाटले, कोणी खड्ड्यात पुरले. आवई पुढे पाठवणाऱ्याचे काय गेले? काही नाही. कर्ज काढून शेड बांधणारा शेतकरी तेवढा बुडाला.

आता आपल्या दाराशी येतो. आपल्याच तालुक्यात आंतरवाली सराटी आहे आणि वडीगोद्रीही आहे. 2023 आणि 2024 साली तिथे आरक्षणासाठी दोन बाजूंची उपोषणे झाली. कोणाची मागणी रास्त, हा आजचा विषय नाही. पण 26 फेब्रुवारी 2024 रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, छत्रपती संभाजीनगर व बीड जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवले गेले, हे आपण भोगले आहे. विहिरीला झाकण घातल्याने पाणी शुद्ध होत नाही. झाकण निघाले आणि अमक्याच्या दुकानात जाऊ नका, तमक्याला कामाला बोलावू नका, असे संदेश पुन्हा सुरू झाले. बंधूंनो, पाभर दुरुस्त करायची तर सुताराकडे जावे लागते, विळा शेवटायचा तर लोहाराकडे, आणि सुताराच्या व लोहाराच्या चुलीवरची ज्वारी कुणब्याच्याच रानातून येते. हा संदेश लिहिणारा आपल्या गावचा नाही. तो कधी आपल्या मयतीला खांदा द्यायला येणार नाही. शेजारी येईल.

मग असे संदेशच आपल्यापुढे का येतात? कारण हा धंदा आहे. मोबाईलवरच्या पुष्कळ गोष्टी फुकट मिळतात, कारण तिथे आपला वेळ जाहिरातदाराला विकला जातो. आपण जितका वेळ काचेकडे पाहू तितकी त्यांची कमाई. राग आणि भीती माणसाला खिळवून ठेवतात, म्हणून तसला माल यंत्र आपल्यापुढे अधिक लोटते. छापील पानही सोवळे नाही. 2009 च्या निवडणुकांत उमेदवारांकडून पैसे घेऊन जाहिराती बातम्यांच्या वेषात छापल्या गेल्या, आणि 2010 साली भारतीय प्रेस कौन्सिललाही त्यावर अहवाल द्यावा लागला. टी.व्ही.चे म्हणाल तर 1873 साली सत्यशोधक समाजाने थोडक्या खर्चात लग्ने लावायला आरंभ केला. आज मालिका पाहून आपण हळदीचा वेगळा मांडव, वेगळे कपडे, लग्नाआधीचे चित्रीकरण करतो आणि मोसंबीची बाग त्यापायी गहाण पडते. सावकार गेला म्हणता? तो पडद्यावर येऊन बसला आहे.

आणि आपल्या बाजूचे आहे म्हणूनही डोळे मिटू नका. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ ‘दीनबंधु’त छापला जाऊ लागला आणि थोडा भाग आल्यावर थांबला. आपल्याच माणसाच्या पत्रात! जोतीरावांनी त्याबद्दल आपल्या माणसालाही खडसावले. पारख ही अशी सर्वांना सारखी लावायची असते.

तेव्हा अंगठा दाबण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. हे सांगणारा कोण, त्याचे नावगाव आहे काय? केव्हाचे आणि कुठले आहे? यावर माझा राग भडकला तर फायदा कोणाचा? ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला कोणी विचारले काय? उत्तर मिळाले नाही तर संदेश तिथेच मरू द्या. आपण गप्प राहिलो म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. मूल पळवल्याची गोष्ट असेल तर 112 वर पोलिसांना कळवा, माणसाला हात लावू नका. बाजारभाव असेल तर बाजार समितीत विचारा, फवारणीचे असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला.

शाळेपुरते माझे काम मी सांगतो. दर शनिवारी वरच्या वर्गातली मुले एकच बातमी दोन वर्तमानपत्रांतून मोठ्याने वाचतील आणि फरक सांगतील. आपणही येऊन बसा. घरी मोबाईलवर काही आले तर लेकराला वाचायला द्या आणि वरचे चार प्रश्न त्याच्याकडूनच विचारून घ्या. ज्यांना वाचता येत नाही अशा आयांनी तर अवश्य विचारावेत. प्रश्न विचारायला अक्षर लागत नाही.

आपल्या पणज्याला अंगठा लावल्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्याला आहे.